राज्य कोणावर?

ओजस कुठे दिसत नाही, हे आधी सुमेधच्या लक्षात आलं. तो कामावरून आला, दारात बूट काढले, आणि रोज पायाला येऊन चिकटणारं तीन वर्षांचं पोरगं आज चिकटलं नाही.

"ओज्या कुठंय?"

"खाली. ईराबरोबर," शलाका लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली. उद्याच्या सादरीकरणात ती आकंठ बुडाली होती.

तेवढ्यात ईरा आली. एकटीच. तिनं चपला जागेवर ठेवल्या, हात धुतले आणि शहाण्या मुलीसारखी टेबलाशी येऊन बसली. सहा वर्षांच्या पोरीनं न सांगता हात धुवावेत, याचं शेजारपाजारच्या बायकांना फार कौतुक होतं.

"ओजू कुठंय गं?" शलाकानं विचारलं.

"लपलाय."

"मग बोलव ना त्याला. खेळ संपला की."

"संपला नाही. थांबलाय. राज्य तनयवर होतं आणि त्याला त्याच्या आईनं क्लासला नेलं. आता उद्या पुढे खेळायचं."

"आणि ओजू?"

"लपलाय," ईरा पुन्हा म्हणाली. आईला इतकी साधी गोष्ट कशी कळत नाही, असा तिचा सूर होता.

शलाकानं लॅपटॉप मिटला. मग सुमेध तसाच अनवाणी जिना उतरला.

ईराचं हे 'थांबलाय' प्रकरण नीट कळायचं तर सवंगडीबद्दल सांगायला हवं. सवंगडी हे यंत्र होतं, आणि ते जिथं तयार झालं त्या बालमेंदू केंद्रात शलाका दाभाडे मोठ्या पदावर होती. केंद्राचं म्हणणं सरळ होतं. लहान मुलाचा मेंदू दिवसभर अंदाज बांधत असतो. चेंडू सोडला की खाली पडेल, पदराआड गेलेला आईचा चेहरा परत दिसेल. अंदाज तंतोतंत खरा निघाला तर मूल कंटाळतं. फारच चुकला तर घाबरतं. पण थोडासाच चुकला तर ते खिदळतं, आणि नेमकं त्याच वेळी त्याच्या मेंदूतल्या पेशी एकमेकींशी नव्यानं जोडल्या जातात. कंटाळा आणि भीती यांच्या मधल्या या चिंचोळ्या जागेला आपण साध्या भाषेत खेळ म्हणतो. मुलं ती जागा चाचपडत, धडपडत शोधतात. सवंगडी ती हुकमी शोधून द्यायचा.

गुडघ्याएवढं, मऊ कापडानं मढवलेलं ते यंत्र होतं. मुलाच्या कपाळावर एक कापडी पट्टी बांधायची. पट्टी मेंदूतले संकेत टिपायची, यंत्राचा डोळा मुलाच्या डोळ्यांच्या बाहुल्या किती रुंदावतात ते बघायचा, आणि सवंगडी खेळ किंचित अवघड किंवा किंचित सोपा करायचा. मूल सदानकदा त्या मधल्या जागेत. निकाल असे आले की भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली. सवंगडीबरोबर खेळलेली मुलं भाषेत पुढे, आकड्यांत पुढे, एका जागी लक्ष देऊन बसण्यात तर कितीतरी पुढे. ईरा त्यातली पहिली आणि केंद्राची लाडकी.

हे यंत्र शिकलं होतं ते खऱ्याखुऱ्या मुलांकडून. गावोगावच्या अंगणांतली, शाळांच्या मैदानांतली, गल्लीबोळांतली हजारो चित्रणं त्याला दाखवली होती. दाखवण्याआधी ती साफ करायचं काम शलाकाच्या विभागाकडे होतं. आता खेळात कचरा तो कसला असणार? तर पहिला कचरा भांडणांचा. मुलं खेळतात थोडा वेळ आणि 'तू आऊट', 'नाही, मी आऊट नाही' करत हुज्जत घालतात त्याहून जास्त. ते सगळं कापलं. दुसरा कचरा लिंबूटिंबूंचा. प्रत्येक टोळीत कुणाचा तरी चिमुरडा भाऊ किंवा बहीण असतेच. त्याला खेळात घ्यायचं, पण तो पकडला गेला तरी आऊट नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, त्यानं मध्येच उलट्या बाजूला धूम ठोकली तरी कुणी काही म्हणत नाही. शलाका स्वतः लहानपणी अशी लिंबूटिंबू म्हणून आतेभावंडांच्या मागे मागे पळाली होती. पण यंत्राला हे समजावणार कसं? एक नियम आणि त्याला छेद देणारा दुसरा. यंत्र गोंधळायचं. तेही तुकडे काढले. चित्रणं कशी लख्ख झाली म्हणून संचालक जहागीरदार सरांनी तिची पाठ थोपटली होती.

आई-बापांना मात्र सवंगडीची निराळीच गोष्ट प्यारी होती. जेवायची वेळ झाली की तो खेळ होता तिथे थांबवायचा आणि दुसऱ्या दिवशी बरोबर तिथूनच सुरू करायचा. रडारड नाही, 'पाच मिनिटं अजून' नाही. जेमतेम तीन वर्षांच्या ओजसला पट्टी बसायची नाही. ताई खेळायची आणि तो दारात बसून बघायचा.

आज सवंगडी नव्हता. सादरीकरणाआधीच्या तपासणीसाठी त्याला केंद्रात नेलं होतं. उद्या शासनाची समिती यायची होती, ईरा तिच्यासमोर सवंगडीशी खेळून दाखवणार होती, आणि समितीनं मान डोलावली की राज्यभरच्या अंगणवाड्यांत सवंगडी जाणार होता. म्हणून आज एरवी शलाकाच्या घरी सवंगडीशी खेळायला जमणारी कॉलनीतली मुलं कित्येक महिन्यांनी आपली आपण खाली खेळली होती.

शलाका खाली आली तेव्हा सुमेध गाड्यांच्या खाली वाकून बघत होता. जालन्याच्या नव्या वस्तीतली ही चार इमारतींची कॉलनी. लपायला जागा म्हटली तर थोड्या, म्हटली तर हजार. तिनं जिन्याखालची सायकलींची अडगळ बघितली, विजेच्या मीटरची खोली बघितली, गच्चीपर्यंत धावत जाऊन आली. "ओजू! ए ओजू! चल, मम्मं करायचं!" तिचा आवाज इमारतींवर आपटून परत येत होता. खिडक्यांतून माणसं डोकावू लागली, दोघं-चौघं मदतीला उतरली.

गेटवर बनसोडेमामा होते. राखण तेच करायचे आणि पाण्याचंही तेच बघायचे. "गेटातून बाहेर नाही गेलं लेकरू," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "म्या इथंच आहे दुपारपासून. कॅमेऱ्यात बी बघा पाहिजे तर."

कॅमेऱ्यात ओजस नव्हता. म्हणजे तो आतच होता. त्यानं बरं वाटायला हवं होतं. पण आत असलेलं मूल इतक्या हाका ऐकून ओ का देत नाही?

त्याच वेळी सगळ्यांचे फोन एकदम वाजले. पाणी सुटल्याचा संदेश होता. आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात हा आवाज म्हणजे सण. मदतीला उतरलेल्यांतले दोघं ओशाळं तोंड करून घराकडे वळले. जमिनीखालच्या नळातून घरघर सुरू झाली.

शलाका जिना चढून परत घरात आली. सुमेध आधीच ईरासमोर उभा होता.

"कुठे लपलाय तो? सांग!"

ईरा टेबलावरची वाटी फिरवत राहिली.

"ईरा, मी काय विचारतोय! हा खेळ नाहीये आता!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की टेबलावरची वाटी हादरली. ईरानं ओठ आत ओढून घेतले. दटावून बोलती होणारी ती पोर नव्हतीच. सुमेधनं तिचे खांदे धरले, तशी शलाका मध्ये पडली.

"तू परत खाली जा. मी बघते."

"अगं, तिला माहितीय!"

"म्हणूनच म्हणते, जा."

तो गेला. शलाका ईरासमोर जमिनीवर बसली. तिनं चॉकलेट देऊ केलं, ईरानं नको म्हणून मान हलवली. शलाका ओजूला भूक लागली असेल म्हणाली, अंधार पडेल म्हणाली. ईराच्या डोळ्यांत पाणी जमू लागलं, पण तोंड उघडेना.

"तुला सांगायचंय ना, राणी?"

मान हलली. हो.

"मग?"

"सांगितलं की तो आऊट होईल." आणि मग बांध फुटला. "मी त्याला प्रॉमिस केलंय. तो कधीच खेळत नाही. सवंगडी त्याला घेतच नाही. आज मी घेतलं. तो म्हणाला, मी आऊट होईन. मी म्हणाले, तू नाही होणार, मी तुला अशा जागी लपवते की कुण्णाला सापडणार नाहीस. आणि हूं की चूं करायचं नाही असं पण सांगितलं."

म्हणजे ओजस हाका ऐकत असेल, आणि ताईनं सांगितलंय म्हणून गप्प असेल.

"अगं, पण तो लहान आहे," शलाका घाईघाईनं म्हणाली. "लहान मुलं लिंबूटिंबू असतात. लिंबूटिंबू कधी आऊट होत नाही. सांगितलं तरी नाही. असा नियमच आहे."

ईरानं डोळे पुसले आणि तिच्याकडे संशयानं बघितलं. "असा नियम नाहीये."

"आहे गं! आम्ही लहानपणी..."

"सवंगडी म्हणतो, नियम सगळ्यांना सारखे. तू मला फसवतेयस. मी सांगावं म्हणून."

अर्धं खरंच होतं ते. आई तिला फसवत नव्हती, पण तिनं सांगावं म्हणूनच बोलत होती. शलाकाला त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. सवंगडीच्या तोंडून हे वाक्य तिनंच वदवलं होतं. कापून टाकलेल्या त्या तुकड्यांत पोरं काय करत होती? भांडत होती, आणि भांडता भांडता नियम मोडत होती, जोडत होती, एखाद्या चिमुरड्यासाठी वाकवत होती. ईराला शेकडो खेळ येत होते आणि त्यातला एकही तिनं केलेला नव्हता. आयता नियम फक्त यंत्राकडून घ्यायचा असतो, आईकडून नाही, एवढंच ती शिकली होती.

बाहेर बनसोडेमामांचा आवाज आला. कुणाला तरी ओरडून सांगत होते, पहिला हौद भरत आला, आता दुसऱ्यात घेतो.

"ईरा," शलाका म्हणाली. "मी नियम सांगत नाही. तू कर."

"मी?"

"हो. ओजू आऊट पण होणार नाही आणि मला कळेल पण, असा नियम. तुझ्या मनानं. मी 'चूक' म्हणणार नाही."

सवयीनं ईराचा हात कपाळाकडे गेला, पट्टी असते तिथे. पट्टी नव्हती. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलू लागले. शलाकाला तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पोर विचार करते आहे, तिला करू द्यायला हवा, आणि खाली पाणी येतंय की वीज पडतेय त्याचा विचार आपण करायचा नाही. एक चुकीचा शब्द आणि ती पुन्हा शिंपल्यासारखी मिटली असती.

"जो खेळात नाही," ईरा अडखळत म्हणाली, "त्याला सांगितलं, तर ते सांगणं नाही. चालेल?"

"चालेल."

"तू खेळात नाहीस ना?"

"नाही. अजिबात नाही."

ईरानं तरीही आईच्या कानाला तोंड लावलं. "मागच्या हौदात. धुतलेल्या. आत शिडी आहे ना, तिथे."

जिना शलाकानं उतरला की ती त्यावरून पडत गेली, हे तिला पुढे कधी आठवलं नाही. "मामा, पाणी बंद करा! बंद करा!" ती किंचाळत सुटली. इमारतीच्या मागे हौदाचं लोखंडी झाकण चपखल बसलेलं होतं. त्याखाली धबधबा कोसळल्याचा आवाज येत होता. सुमेध कुठून आला कळलं नाही. दोघांनी मिळून झाकण ओढलं, शलाकाचं नख उलटलं.

ओजस शिडीच्या मधल्या पायरीवर होता. दोन्ही हातांनी वरची पायरी कवटाळलेली, पाणी कमरेला लागलेलं, ओठ निळे. त्यानं वर बघितलं. रडला नाही. सुमेधनं पालथं पडून त्याला काखेत धरून वर ओढलं, तेव्हाही तो गप्पच होता. आईच्या कुशीत आल्यावर मात्र त्यानं विचारलं, "मी बोललो नाही ना?"

"नाही रे सोन्या, नाही बोललास," म्हणत शलाका ढसाढसा रडली.

बनसोडेमामा हौदाच्या कडेला मटकन बसले. "म्या झाकण लावलं, ताई. पाणी यायचं होतं म्हणून लावलं. लेकरू आत असंल, असं मनात बी आलं नाही हो." त्यांना दोष कोण देणार? सुमेधनं त्यांना पाणी पाजलं.

डॉक्टरांनी ओजसला तपासून घरी सोडलं. सकाळी जहागीरदार सरांचा फोन आला. त्यांनी आधी पोराची चौकशी केली, मनापासून केली. माणूस वाईट नव्हता. मग सगळी हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाले, "शलाका, याला उपाय आहे. लिंबूटिंबूचा नियम आपण घालू. महिनाभराचं काम. समितीला आज सांगून टाकू की पुढच्या आवृत्तीत तो येतोय."

"सर, मी काल तिला तोच नियम दिला. तिनं घेतला नाही."

"तुझ्याकडून घेतला नसेल. सवंगडीनं दिला असता तर..."

"तर घेतला असता. तेच म्हणतेय मी. मग तो आणखी एक नियम झाला असता, आणि उद्या तिसरंच काही घडलं की पोरं पुन्हा दारात उभी, पुढचा नियम कधी येतोय म्हणून. सर, आपण खेळातला कचरा म्हणून जे काढलं ना, खेळ तोच होता. उरलं ते नुसतं टरफल. मी ईराला आणणार नाही. आणि समितीसमोर हे सगळं बोलणार आहे."

"अंगणवाड्यांतल्या लाखो मुलांचा विचार कर. त्यांच्याकडे काय आहे? ना चित्रांची पुस्तकं, ना बोलायला वेळ असलेले आई-बाप. त्यांना तू हे नाकारणार?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते नव्हतं हेही तिनं समितीला सांगितलं. समितीनं निर्णय पुढे ढकलला. जहागीरदार सर तिच्याशी नंतर एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात तिच्या विभागाला नवा प्रमुख आला.

पण हे सोपं होतं. अवघड ते घरी होतं. ईरा खाली जायला तयार नव्हती. कुणी बोलावलं तरी खिडकीतून मान हलवायची. "सवंगडी कधी येणार?" हे एकच टुमणं.

"तो नाही येणार आता, बाळा."

"का पण? तो चांगला आहे. तिथे कुणी हरवत नाही."

पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. तिथे कुणी हरवत नव्हतं, कुणी कुणावर रुसत नव्हतं, आणि भावाला घेतल्याबद्दल कुणाला इतकी शिक्षाही होत नव्हती. केंद्रात एक फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत यंत्र दारात आलं असतं. एकदा तर शलाकानं नंबर काढलाही होता, आणि सुमेधनं फोन हळूच तिच्या हातातून काढून घेतला होता.

शेवटी ईराला खाली नेलं ते ओजसनं. "ताई, लपायचं," तो म्हणाला आणि तिचा फ्रॉक धरून ओढू लागला. जणू त्या दिवशी काही घडलंच नव्हतं. ईरा घाबरून मागे सरली. त्यानं भोकाड पसरलं. ती त्याला गप्प करायला दोन पायऱ्या उतरली, मग आणखी दोन. शलाका चार हात अंतर ठेवून मागे गेली आणि बाकावर बसली.

खाली तनय आणि बाकीची पोरं होती. खेळ सुरू होईचना. राज्य कोणावर यावरून जुंपली. त्या दिवशीचं तनयवरच होतं, नाही, ते संपलं, तू रडीचा डाव खेळतोस, तूच खेळतेस. आवाज चढत गेले. एकानं दुसऱ्याला ढकललं. "आई, तू सांग ना!" ईरा वळून ओरडली. शलाकानं पदरचं शहाणपण पदरातच ठेवलं. "मला नाही माहीत," ती म्हणाली.

ईरा रागानं लालबुंद झाली. पाय आपटून ती पोरांकडे वळली. "थांबा रे! आधी माझं ऐका. जिथून आकाश दिसतं, तिथेच लपायचं. आकाश नाही दिसलं तर ती जागा चालणार नाही. ओजूला पण नाही आणि तुम्हाला पण नाही."

"असला कुठला नियम?" तनय म्हणाला.

"मी केला."

यावर पुन्हा भांडण झालं. बरंच झालं. जिना धरायचा की नाही, झाडाखालून आकाश दिसतं असं म्हणायचं की नाही. शेवटी झाड धरलं, जिना सोडला. राज्याचा प्रश्न मात्र सुटेना. मग ईरा बाकाशी आली.

"आई, राज्य तुझ्यावर."

"माझ्यावर? मी कुठे खेळात आहे?"

"आजपासून आहेस. भिंतीकडे तोंड कर. आणि डोळे घट्ट मीट, फटीतून बघायचं नाही."

शलाका उठली. ओजस आतापासूनच नाचत होता, कुठे पळू आणि कुठे नको असं झालं होतं त्याला. त्याच्याकडे एकदा डोळे भरून बघावं, एवढंच तिला वाटलं. पण मुलं वाट बघत होती. तिनं भिंतीवर हात टेकले, हातांवर कपाळ टेकलं आणि डोळे मिटले. "दहा, वीस..." पाठीमागे पावलं चहूकडे पांगली. त्यातली सगळ्यात लहान चपलांची फटफट तिनं ओळखली, आणि ती दूर दूर जाताना ऐकत राहिली. "तीस... चाळीस..." फटफट थांबली. कुठे थांबली ते तिला कळलं नाही.

"पन्नास," शलाका म्हणाली.